शंभर गुण आणि एक कागद

एक काळा-पांढरा फोटो आहे. ड्रेसिंग रूममध्ये बसलेला एक धिप्पाड खेळाडू आणि त्याच्या हातात एक साधा कागद. कागदावर पेनाने घाईघाईत लिहिलंय, १००. बस्स. ना ट्रॉफी, ना हार-तुरे. बास्केटबॉलच्या इतिहासातल्या सर्वात गाजलेल्या विक्रमाचा हा सर्वात गाजलेला पुरावा! कारण त्या मॅचचं चित्रीकरणच झालेलं नाही. टीव्हीचा कॅमेरा तिथे नव्हताच.

आकडेवारीचं वेड मला तसं क्रिकेटमुळे लागलं. बास्केटबॉल माझ्या आयुष्यात उशिरा आला, तोही ऑफिसच्या कृपेने. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर सोमवारी संध्याकाळी कॉल असला की पहिली पाच मिनिटं 'काल मॅच पाहिली का' यात जायची. आपण कोरा चेहरा घेऊन किती दिवस बसणार? म्हणून मी वाचायला लागलो आणि मग नेहमीप्रमाणे वाहवत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. एनबीए, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, तिचे विक्रम वाचायला मजा येतेच. पण ते विक्रम कोणी, कसे आणि कधीपासून नोंदवले हे वाचायला त्याहून जास्त मजा येते. आज त्याबद्दलच लिहितोय.

ती रात्र

२ मार्च १९६२. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं हर्शी हे छोटं गाव. हर्शी म्हणजे तेच, चॉकलेटवालं. फिलाडेल्फिया वॉरियर्स संघ अधूनमधून आपल्या घरच्या काही मॅचेस तिथे खेळायचा, नवे प्रेक्षक मिळावेत म्हणून. समोर न्यूयॉर्क निक्स, त्या मोसमातला पूर्व विभागातला शेवटच्या नंबरचा संघ. प्रेक्षक ४,१२४. आजच्या हिशोबाने हॉल रिकामाच म्हणायचा.

वॉरियर्सकडे विल्ट चेंबरलेन होता. उंची सात फूट एक इंच. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याने २३ गुण केले, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात २८. एकूण ६९. मग प्रेक्षकांना चाहूल लागली आणि 'विल्टला द्या, विल्टला द्या' असा ओरडा सुरू झाला. शेवटचा क्वार्टर म्हणजे निव्वळ तमाशा होता. विल्टच्या हातात बॉल जाऊ नये म्हणून निक्सवाले वॉरियर्सच्या इतर खेळाडूंना मुद्दाम फाउल करायला लागले. बॉल परत मिळावा म्हणून वॉरियर्सवालेही निक्सच्या खेळाडूंना फाउल करायला लागले. संघ वीस-पंचवीस गुणांनी पुढे असताना! अखेर ४६ सेकंद बाकी असताना शंभरावा गुण झाला आणि लोक मैदानात धावले. वॉरियर्स जिंकले, १६९-१४७.

मला स्वतःला शंभरपेक्षा दुसराच एक आकडा जास्त चक्रावून टाकतो. विल्ट फ्री थ्रोमध्ये अत्यंत कच्चा होता. फाउल झाल्यावर समोर कोणीही नसताना शांतपणे बॉल टाकायचा असतो, तो फ्री थ्रो. संपूर्ण कारकिर्दीत त्याचे जेमतेम अर्धे फ्री थ्रो बास्केटमध्ये गेले. त्या रात्री मात्र ३२ पैकी २८ गेले. मैदानावरून मारलेले शॉट ६३, त्यातले ३६ आत. ३६ दुणे ७२ आणि वर २८. हिशोब बरोब्बर शंभर.

आता तो कागद. हार्वी पोलॅक नावाचे गृहस्थ वॉरियर्सच्या प्रसिद्धीचं काम बघायचे. त्या रात्री वृत्तसंस्थांना बातमी पाठवण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात होतं. मॅच संपल्यावर फोटो काढायचा तर त्यात सांगायचं काय, म्हणून त्यांनी एक कागद घेतला, त्यावर १०० लिहिलं आणि विल्टच्या हातात दिलं. फोटोग्राफर पॉल व्हॅथिस त्या रात्री कामावरही नव्हता. मुलाला घेऊन मॅच बघायला आला होता, रंग चढतोय म्हटल्यावर गाडीतून कॅमेरा घेऊन आला. आणि आवाज? रेडिओवर झालेलं शेवटच्या क्वार्टरच्या समालोचनाचं पुनर्प्रसारण एका कॉलेजच्या पोराने टेपवर उतरवून ठेवलं म्हणून ते उरलं. २०१६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात घेतलं.

म्हणजे बघा, एक कागद, सुट्टीवरचा फोटोग्राफर आणि एका विद्यार्थ्याचा टेपरेकॉर्डर. इतक्या बारीक धाग्यावर हा विक्रम लटकलाय. अर्थात स्कोअरशीट होतं म्हणून विक्रमाबद्दल शंका नाही. पण स्कोअरशीटवर ज्याचा रकानाच नव्हता, त्याचं काय झालं?

शून्य आणि नल

आमच्या धंद्यात नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगावं लागतं की बाबांनो, शून्य वेगळं आणि नल वेगळं. डेटाबेसच्या रकान्यात शून्य असेल तर त्याचा अर्थ 'मोजलं, आणि काही नव्हतं'. नल असेल तर त्याचा अर्थ 'मोजलंच नाही'. दोन्ही एकच समजून बेरीज मारली की रिपोर्ट हमखास चुकतो. बास्केटबॉलचा इतिहास अशा नल्सनी भरलेला आहे.

उदाहरणार्थ, ब्लॉक. समोरच्याने मारलेला शॉट हवेतच अडवणं म्हणजे ब्लॉक. एनबीएमध्ये ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली १९७३-७४च्या मोसमात. स्टील, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावणं, तेही त्याच मोसमापासून. लीग चालू झाली १९४६ साली. म्हणजे सत्तावीस मोसमांतल्या सगळ्या ब्लॉक्सच्या जागी नल!

आणि ते मोसम कोणाचे? बिल रसेल १९६९ला निवृत्त झाला, चेंबरलेन एनबीएतली शेवटची मॅच १९७३मध्ये खेळला. शॉट अडवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असे हे दोघं, आणि अधिकृत तक्त्यात दोघांच्या नावावर एकही ब्लॉक नाही. विल्ट लेकर्स संघातून गेला, त्याच्या जागी एल्मोर स्मिथ आला. मोजणी सुरू झालेल्या पहिल्याच महिन्यात, २८ ऑक्टोबर १९७३ रोजी, पोर्टलंडविरुद्ध या स्मिथने १७ ब्लॉक केले. एका मॅचमध्ये सर्वाधिक ब्लॉक्सचा हा अधिकृत विक्रम अर्ध्या शतकानंतरही त्याच्याच नावावर राहिला.

स्मिथचं श्रेय मला कमी करायचं नाही. १७ म्हणजे १७. पण हा क्रम बघा: विल्ट दारातून बाहेर पडतो, लीग मोजपट्टी बाहेर काढते, त्याच्याच जागेवर आलेला माणूस पहिल्याच महिन्यात विक्रम करतो आणि तो विक्रम मग कोणालाही मोडता येत नाही. आधीच्या सत्तावीस मोसमांत कधीच कोणी १८ केले नसतील? माझा तरी विश्वास बसत नाही. पण 'विश्वास बसत नाही' हा काही रकाना नाही.

छेद कोणता?

दुसरी भानगड सरासरीची. १९६१-६२च्या त्या मोसमात विल्टने ८० मॅचेसमध्ये ४,०२९ गुण केले. सरासरी ५०.४. आणि दर मॅचला तो किती मिनिटं खेळला? ४८.५. आता एनबीएची मॅच असते ४८ मिनिटांची. वाटतं ना टायपिंगची चूक? पण नाही. बरोबरी झाली की पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ मिळतो, आणि असे दहा जादा डाव त्या मोसमात वॉरियर्सच्या वाट्याला आले. ८० गुणिले ४८ म्हणजे ३,८४०, अधिक ५०, म्हणजे ३,८९०. विल्ट खेळला ३,८८२ मिनिटं. अख्ख्या मोसमात तो आठ मिनिटं बाहेर बसला, तेही रेफ्रीशी वाद घातल्यामुळे बाहेर काढलं म्हणून!

हे वाचून तोंडात बोट जातं. पण मग जरा थांबून छेद बघायचा. त्या वर्षी सरासरी एक संघ एका मॅचमध्ये जवळजवळ १०८ शॉट मारायचा आणि ११९च्या आसपास गुण करायचा. २०१६-१७ साली शॉटची हीच सरासरी ८५च्या आसपास होती. आधीच्या काळात खेळ सुसाट होता, शॉट जास्त, चुकलेले शॉटही जास्त. आणि चुकलेला शॉट पकडणं म्हणजे रिबाउंड, त्यामुळे रिबाउंडही जास्त.

हा फरक नीट दिसतो तो ऑस्कर रॉबर्टसनच्या बाबतीत. त्याच १९६१-६२च्या मोसमात (काय मोसम होता राव!) ऑस्करची सरासरी होती ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. तिन्ही आकडे दहाच्या वर. याला ट्रिपल-डबल म्हणतात. गंमत म्हणजे तेव्हा कोणी त्याचा फारसा गवगवा केला नाही, कारण हा शब्दच प्रचलित नव्हता. तो रूढ झाला १९८०च्या आसपास, मॅजिक जॉन्सनच्या काळात. नाव नाही म्हणून विक्रमही नाही! पुढे २०१६-१७मध्ये रसेल वेस्टब्रुकने मोसमभर तीच करामत केली, ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट. तेव्हा मात्र रोज हेडलाइन.

मोठा कोण? ढोबळ हिशोब करू. ऑस्करच्या काळी सरासरी संघाला एका मॅचमध्ये ७१ रिबाउंड मिळायचे, वेस्टब्रुकच्या वेळी ४३-४४. १२.५ला ७१ने भागा, साडेसतरा टक्के. १०.७ला ४३.५ने भागा, साडेचोवीस टक्के. शिवाय ऑस्कर दर मॅचला ४४ मिनिटं खेळायचा, वेस्टब्रुक साडेचौतीस. रिबाउंडपुरतं तरी माप वेस्टब्रुकच्या बाजूने झुकतं. म्हणून ऑस्कर लहान होत नाही. त्याने त्याच्या काळात जे केलं ते त्याच्या काळात दुसऱ्या कोणीच केलं नाही. सांगायचं एवढंच की १२.५ हा आकडा एकटा काहीच बोलत नाही, छेद सोबत आणला तरच बोलतो.

आणि छेद बदलतो तो नियमांमुळे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना हरवलं, स्कोअर १९-१८. हो, पूर्ण मॅचचा! लेकर्सकडे त्या काळचा राजा जॉर्ज मायकन होता, म्हणून पिस्टन्सने बॉल हातात धरून नुसता वेळ काढला. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकनचे. तेव्हा शॉट मारलाच पाहिजे असा नियमच नव्हता. १९५४ला सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी यावर साधं त्रैराशिक मांडलं. चांगल्या रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही संघ मिळून १२० शॉट मारतात. ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद. भागिले १२०, म्हणजे २४. म्हणून २४ सेकंदांत शॉट मारायचा, नाहीतर बॉल दुसऱ्याला. पहिल्याच मोसमात संघांची सरासरी ७९.५वरून ९३.१वर गेली. एका भागाकाराने खेळ वाचवला. हे २४ सेकंदांचं घड्याळ आलं नसतं, तर हर्शीमध्ये कोणाचेच शंभर गुण झाले नसते.

दोन डेटाबेस, एक मर्जर

कंपन्यांची मर्जर झाल्यावर दोन सिस्टिम्सचा डेटा एकत्र करायचं काम ज्याच्या वाट्याला आलंय त्याला पुढचं दुःख लगेच कळेल.

१९६७ ते १९७६ अमेरिकेत एबीए नावाची दुसरी लीग होती. लाल-पांढरा-निळा बॉल, थ्री-पॉइंटर आणि ज्युलियस अर्व्हिंग ही तिची ओळख. १९७६ला ती बंद पडली आणि तिचे चार संघ एनबीएत आले. संघ आले, खेळाडू आले, लांबून मारलेल्या शॉटला तीन गुण हा नियमही १९७९ला आला. आकडे मात्र आले नाहीत. अर्व्हिंगने एबीएमध्ये ११,६६२ गुण केले आणि एनबीएमध्ये १८,३६४. बेरीज ३०,०२६. पण एनबीएच्या यादीत तो १८,३६४वरच. म्हणजे माणूस मायग्रेट झाला, हिस्टरी मागेच राहिली.

बरं, एनबीए दुसऱ्यांचे आकडे कधीच घेत नाही असंही नाही. १९४९मध्ये बीएए आणि एनबीएल या दोन लीग एकत्र होऊन एनबीए हे नाव आलं. त्यातल्या बीएएचा १९४६पासूनचा सगळा इतिहास एनबीए स्वतःचा म्हणून सांगते. एनबीएल तर तिच्याहून जुनी. तिचे आकडे मात्र बाहेर. काय आत घ्यायचं हे खेळाने ठरवलं नाही, टेबलावर बसलेल्या माणसांनी ठरवलं.

आता या एनबीएलच्या शेवटच्या मोसमात, १९४८-४९मध्ये, एक वेगळाच संघ खेळत होता.

ज्यांना रकानाच नाही

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२३मध्ये बॉब डग्लस यांनी एक संघ काढला, न्यूयॉर्क रेनेसाँ, लाडाने 'रेन्स'. मालक कृष्णवर्णीय, खेळाडू सगळे कृष्णवर्णीय. मोठ्या लीगमध्ये त्यांना प्रवेश नव्हता, म्हणून गावोगाव बसने फिरायचं आणि भेटेल त्याच्याशी खेळायचं. कित्येक ठिकाणी हॉटेलवाले खोली देत नसत, जेवण देत नसत. १९३२-३३च्या मोसमात या संघाने लागोपाठ ८८ मॅचेस जिंकल्या. १९३९मध्ये शिकागोला व्यावसायिक संघांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात रेन्सने ऑशकॉश ऑल-स्टार्स या एनबीएलच्या संघाला ३४-२५ असं हरवलं.

१९४८-४९मध्ये हा संघ डेटन गावाच्या नावाने एनबीएलमध्ये आला. १९३९च्या विजेत्या संघातला पॉप गेट्स आता खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता. पुढच्याच उन्हाळ्यात ते मर्जर झालं. एनबीएलचे बरेच संघ नव्या एनबीएत गेले. डेटन गेला नाही. नव्या लीगच्या पहिल्या मोसमात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी अर्ल लॉइड मैदानात उतरला तेव्हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू एनबीएमध्ये खेळला. गेट्स तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता.

एनबीएतला लागोपाठ विजयांचा विक्रम ३३चा आहे, १९७१-७२चा, लेकर्सचा. विल्ट त्या संघात होता. तो आकडा बरोबर आहे, त्यात खोट काही नाही. पण ८८ वाचल्यावर ३३कडे बघायची नजर बदलते की नाही? रेन्सचे प्रतिस्पर्धी सगळेच तोलामोलाचे नव्हते हे खरं, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पण तुलना का करता येत नाही? कारण तोलामोलाच्या लीगचं दार त्यांच्यासाठी बंद होतं. पॉप गेट्सचे एनबीएमधले गुण किती, या प्रश्नाला 'शून्य' हे उत्तर चूक आहे. उत्तर नल आहे. आणि हा नल ब्लॉक्ससारखा विसरून राहिलेला नाही, ठरवून ठेवलेला आहे. १९६३मध्ये रेन्सचा अख्खा संघ हॉल ऑफ फेममध्ये घेतला, १९७२ला डग्लस आणि १९८९ला गेट्सही. सन्मान झाला, छान झालं. पण सन्मानाने मोसम भरून निघत नाहीत.

मग आकडे सोडूनच द्यायचे का?

अजिबात नाही. आकडे नसते तर हे सगळं कळलंच नसतं. पण एक गोष्ट सांगून थांबतो. १९६१-६२मध्ये, म्हणजे विल्टच्या ५०.४ सरासरीच्या आणि ऑस्करच्या ट्रिपल-डबलच्या वर्षी, मोसमातला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? दोघंही नाहीत. बिल रसेल. सरासरी १८.९ गुण. स्कोअरशीटवर बघितलं तर विल्टच्या निम्मासुद्धा नाही. पण तेव्हा हे मतदान खेळाडू करायचे, पत्रकार नव्हे. रसेलसमोर शॉट मारायला गेल्यावर काय होतं हे ज्यांनी हातांनी अनुभवलं होतं, त्यांनी मत दिलं. त्याच्या बोस्टन सेल्टिक्सने त्या मोसमात ८० पैकी ६० मॅचेस जिंकल्या, विल्टच्या वॉरियर्सना सातव्या सामन्यात १०९-१०७ असं हरवलं आणि पुढे विजेतेपदही घेतलं. रसेलची १३ मोसमांत ११ विजेतेपदं झाली.

रसेल शॉट अडवताना बॉल प्रेक्षकांत भिरकवायचा नाही, आपल्याच सहकाऱ्याकडे जाईल असा हलकेच टोलवायचा. याला आजही वेगळा रकाना नाही. पण जे शेजारी खेळत होते त्यांना ते माहीत होतं.

आपल्या ऑफिसातही असतोच की असा एखादा. बंद केलेली तिकिटं कमी, कोडच्या ओळी कमी, आणि तो रजेवर गेला की दोन दिवसांत सगळं अडतं. अप्रेझलच्या तक्त्यात त्याच्या कामाचा रकाना नसतो, पण टीमला विचारलं तर पहिलं नाव त्याचंच येतं. म्हणून तक्ता जरूर बघा, पण टीमलाही विचारा. आणि 'सर्वकालीन विक्रम' असं कुठेही वाचलं की दोन प्रश्न विचारा: कधीपासून मोजताय? आणि मोजताना कोणाला आत घेतलं होतं?

असो. कॉफी संपली, पोस्टही संपली. पुढच्या वीकेंडला भेटूच.